मागचा उजवा

काडीच्या टोकाचा कापूस पांढराच होता. त्याने ती बाथरूमच्या झरोक्यापाशी नेली, उजेडात उलटसुलट फिरवून पाहिली — डबीतून काढली तेव्हा होती तशीच, स्वच्छ. थोडा मळ निघायला हवा होता. एवढासा, पिवळट, निघाला असता तर तो स्वतःशी हसलाही असता की घ्या, आठवडाभर जिवाला घोर लावला तो या चिमूटभर घाणीने... पण कापूस पांढरा, आणि कान — उजवा — होता तसाच. म्हणजे कसा? दुखत नाही, खुपत नाही, वाजत नाही. फक्त त्या बाजूचं जग जरा लांब जाऊन उभं राहिल्यासारखं वाटतं, आणि तेही कधी वाटतं, कधी नाही, आणि वाटतंय का हे बघायला गेलं की हटकून वाटतं. त्याने काडी कागदात गुंडाळून टाकली. बायकोला दिसू नये म्हणून गुंडाळली, हे टाकल्यावर लक्षात आलं.

आज दुपारी डॉक्टरकडे बसायचं होतं. सोक्षमोक्ष लावायला. हा शब्द वकिलाचा; त्याला कुठल्याही गोष्टीचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय जेवण जात नाही. एकत्र बसून गाणी ऐकणारे ते चौघं — दातांचा डॉक्टर, वकील, निवृत्त इंजिनिअर, जो मायक्रोफोन आणि आलेखाशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही म्हणून सगळे त्याला मीटर म्हणतात, आणि हा. याला म्हणतात कानसेन. कुणी म्हटलं पहिल्यांदा, आठवत नाही, पण आता इंटरनेटवरच्या फोरमवरही तेच नाव आहे, आणि तिथली माणसं, ज्यांना त्याने कधी पाहिलेलं नाही, ती नवी डिस्क विकत घेण्याआधी विचारतात, कानसेन काय म्हणतोय?

कानसेन काय म्हणतोय...

तो म्हणाला होता, मागचा उजवा बसलाय. दोन आठवड्यांपूर्वी म्हणाला होता, आणि एवढ्या ठामपणे, की ते वाक्य आता आठवलं तरी मानेखाली घाम येतो. पाच स्पीकर — दोन समोर, एक मधे, दोन पाठीमागे — आणि त्यांच्या मधोमध खुर्ची. हे ज्याला वेड वाटतं त्याला वाटू दे, पण त्या खुर्चीत बसून ‘पूल’ ऐकला की माणूस बँडच्या मधे जाऊन बसतो. ‘पूल’ हे अल्बमचं खरं नाव नव्हे, कव्हरवर एक ओला पूल आहे म्हणून चौघं तसं म्हणतात. वाजवणाऱ्यांतले निम्मे आता हयात नाहीत. त्यातल्या तिसऱ्या गाण्यात गिटार एकदम थांबते, आणि त्या थांबलेल्या जागेत, तुमच्या उजव्या खांद्यामागे, कुणीतरी खंजिरी हलवतं. बस, एवढंच. जुन्या डिस्कवर ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याने खरोखर मान वळवून मागे पाहिलं होतं, आपल्या स्वतःच्या घरात, भिंतीकडे, आणि मग एकटाच हसत बसला होता.

आणि आता त्याच अल्बमची नवी आवृत्ती आली, मूळ टेपवरून नव्याने केलेली, जाड खोक्यात, आत फोटोंचं पुस्तक. त्याने ती लावली, डोळे मिटले, तिसरं गाणं आलं, गिटार थांबली, आणि खांद्यामागे काही नव्हतं. म्हणजे होतं, पण चमक नव्हती, कुणीतरी खंजिरीवर ओला टॉवेल टाकल्यासारखं. त्याने त्याच बैठकीत फोरमवर लिहून टाकलं. मागचा उजवा बसलाय. खंजिरी मारली. ज्याने कुणी हे मिक्स केलं त्याचे कान तपासा.

जुनी डिस्क लावून ताडून पाहिली नाही. कशाला पाहायची? ती पाठ होती. ज्याला घर पाठ असतं तो अंधारात दिवा लावत नाही, तसं... आणि पुढे ताडून पाहायची वेळ आली तेव्हा ती कपाटातून तीनदा काढली आणि तीनदा परत ठेवली, हे मात्र कुणाला माहीत नाही. मला माहीत आहे.

“चहा निवतोय,” बायको बाहेरून म्हणाली. किंवा तसंच काहीतरी.

टेबलाशी ती त्याच्या डाव्या हाताला बसली होती. पूर्वी उजव्या हाताला बसायची, खिडकीकडे; मग एक दिवस म्हणाली, तिकडून ऊन डोळ्यांवर येतं, आणि खुर्ची हलवली. झोपायचीही बाजू बदलली, पंख्याचा वारा सोसत नाही म्हणून. बायकांच्या सोसण्या-न सोसण्याचा हिशोब त्याने कधी ठेवला नव्हता. त्याला टोचत होतं ते दुसरंच. गेल्या वर्षी ती सारखी म्हणायची, तुम्ही माझ्याकडे कानाडोळा करता, मी बोलतेय आणि तुम्ही ढिम्म. भांडणंसुद्धा झाली, एकदा तर तिच्या बहिणीसमोर. आणि मग हे बोलणं बंदच झालं. तक्रार करणारं माणूस तक्रार करायचं थांबलं की घरात शांतता येते, पण ती शांतता बरी नसते. तिने आपला नाद सोडला असावा, असं तो मनाशी धरून चालला होता, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. विचारलं आणि ती हो म्हणाली तर?

“आज जाणार ना तुम्ही डॉक्टरांकडे?”

“जायलाच हवं.”

“जायलाच हवं म्हणजे? एरवी सकाळपासून शीळ घालत असता.”

त्याने कप उचलला. चहा खरंच निवला होता.

शीळ कुठून घालणार... त्या म्हाताऱ्याचं उत्तर आलं त्या दिवसापासून शीळ गेली. ज्याने नव्याने मिक्स केलं होतं, तो स्वतः फोरमवर आला. त्याच्या नावावर निदान पन्नासेक अल्बम असतील, मोठमोठ्यांचे. आणि तोवर कानसेनची री ओढणाऱ्यांची रांग लागली होती — हो, मलाही जाणवलं, मागचा उजवा मेलाय, खंजिरी गेली, पैसे परत करा, कुणी तर कंपनीला पत्र पाठवलं. म्हाताऱ्याने तिथे चारच ओळी लिहिल्या. तुम्ही म्हणता तो दोष मला ऐकू येत नाही. पण माझं वय झालंय, माझ्या कानांवर आता मीसुद्धा पुरता भरवसा ठेवत नाही. तुमचंच बरोबर असेल. मी टेप पुन्हा काढून बसतो.

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. भांडायला याला येतं. पण हे वाचलं आणि त्याच संध्याकाळी त्याने मागच्या दोन स्पीकरच्या वायरी अदलाबदल केल्या आणि, खंजिरीचं गाणं टाळून, पहिलंच लावलं. दोष डिस्कमध्ये असेल तर तो डावीकडे जायला हवा. गेला नाही, उजवीकडेच राहिला. ठीक, म्हणजे डिस्क नव्हे, स्पीकर. त्याने स्पीकर उचलून अदलाबदल केले, कमरेत उसण भरली. दोष उजवीकडेच. ठीक, म्हणजे भिंत, त्या बाजूचा पडदा आवाज पीत असेल. पडदा काढला, बायकोने विचारलं तर धुवायचाय म्हणाला. उजवीकडेच. मग फक्त खुर्ची उरली. खुर्ची गर्रकन उलटी फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचं, की उजवा डावा होतो आणि डावा उजवा... एवढी सोपी गोष्ट, लहान पोरालाही सुचेल अशी. त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता. मग तो हात काढून त्याने दिवा बंद केला आणि जेवायला गेला.

कारखान्यातलं तर कुणालाच सांगितलेलं नाही. तो पंप तपासतो. चालत्या पंपाच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, आणि ऐकायचं. आत गोळ्या नीट फिरतात की करकरतात ते सरळ डोक्यात उतरतं. गेली कित्येक वर्षं मूठ उजव्या कानाला. आणि परवा एका पंपापाशी उभा असताना पाहिलं तर हात आपणहून डाव्या कानाकडे गेलेला. कधीपासून जात होता? हाताला कुणी सांगितलं? हाताला माहीत होतं आणि मला नव्हतं, या विचाराने त्याला त्या गरम शेडमध्ये हुडहुडी भरली. त्याने मूठ मुद्दाम उजवीकडे लावून पाहिली — फक्त एकदा. मग घाईघाईने पुढच्या पंपाकडे वळला, कारण तो पंप उजव्या कानाला फारच चांगला वाटला होता.

कान गेला म्हणजे काय गेलं, याचा विचार तो करत नाही. करत नाही म्हणता म्हणता रस्ताभर तोच केला. एका कानाचा माणूस पाच स्पीकरच्या मधे बसून काय करणार? समोरचं, मागचं, खांद्यावरचं, हे सगळं दोन कानांच्या मधे घडतं. एक गेला की खोली सपाट. आणि आज एक, उद्या... आणि ते चौघं, फोरम, कानसेन. माझ्याकडे दुसरं काय आहे लोकांनी विचारावं असं?

डॉक्टरचा दवाखाना खाली आणि गाण्याची खोली वर. दवाखान्यातली जुनी पेशंटची खुर्ची त्याने वर आणून मधोमध ठेवली होती, कारण तिच्याएवढी डोक्याला आधार देणारी दुसरी खुर्ची नाही असं त्याचं म्हणणं. वकील म्हणे, तिच्यात बसलं की तोंड आपोआप उघडतं. बसायची त्यांची एक रीत ठरून गेली होती. बरोबर मधे एकच माणूस बसू शकतो, म्हणून एकेकाने बसायचं, सगळ्यांचं होईपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही, आणि कानसेनने शेवटी. तो बोलला की निकाल लागला.

आज कुठली डिस्क, जुनी की नवी, लागलीय हे कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. डॉक्टरची बायको कपाटामागे बसून लावणार होती. पहिली फेरी एक डिस्क, दुसरी फेरी दुसरी.

“भाऊजी, चेहरा का उतरलाय?” वहिनी म्हणाल्या. “तुमच्याच बाजूने निकाल लागणार आहे.”

पहिली फेरी झाली. डॉक्टर, वकील, मीटर, मग तो. रेक्झिन थंड होतं. गिटार थांबली... आणि उजव्या खांद्यामागे ओला टॉवेल. त्याने डोळे मिटलेलेच ठेवले आणि त्याच्या जिवात जीव आला. ही नवी. म्हणजे नवीच वाईट आहे. म्हणजे दुसऱ्या फेरीत जुनी लागेल आणि खंजिरी खणकन वाजेल आणि मी वहिनींकडे दोन कप चहा मागेन. तो खुर्चीतून उठताना जवळजवळ हसला होता.

मधे वहिनींचा फोन वाजला, त्या कपाटामागे हळू आवाजात दोन शब्द बोलल्या, यंत्राचा खण सरकल्याचा आवाज झाला. दुसरी फेरी. डॉक्टरने बसून मान हलवली. वकिलाने ओठ मुडपले. मीटरने आपला मायक्रोफोन खुर्चीच्या डोक्यावर धरला आणि पडद्यावर आलेख बघत राहिला. मग तो.

गिटार थांबली.

काही नाही. तोच टॉवेल. त्याला वाटलं, आता येईल, उशिरा येईल, मी तपशील विसरलो असेन... गाणं पुढे गेलं, ड्रम आले, गाणारा माणूस परतला, आणि त्याच्या उजव्या खांद्यामागे एक बंद दार होतं. काळजात धस्स झालं ते इतकं स्पष्ट, की ते बाकीच्यांना ऐकू गेलं असेल असं वाटून त्याने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडेच बघत होते, पण रीतीप्रमाणे, निकालासाठी.

“दुसरी नवी,” डॉक्टर म्हणाला. “पहिलीत खंजिरी कशी लख्ख होती. दुसरीत गेली.”

“शंकाच नाही,” वकील. “मागचा उजवा अगदी बसलाय. कानसेनने लिहिलं तेव्हा मला अतिशयोक्ती वाटली होती, आज पटलं.”

“मला दोन्हींत फरक दिसत नाही,” मीटर म्हणाला. “रेघेवर रेघ बसतेय.”

“तुला कधी दिसलाय?” वकील म्हणाला आणि दोघं हसले.

आता तो. खरं बोलायचं तर दोनच शब्द होते, मलाही नाही. एवढे दोन शब्द. त्याने त्या म्हाताऱ्याची आठवण काढली, टेप पुन्हा काढून बसलेला, स्वतःच्या कानांवर संशय घेत — आणि तोंडातून निघालं, “दुसरी.”

“झालं तर मग,” डॉक्टर म्हणाला.

वहिनी कपाटामागून आल्या त्या अंग चोरून. “रागावू नका हं,” त्या म्हणाल्या. “मधे ताईचा फोन आला ना... खण उघडला, आणि बोलता बोलता तसाच लावला. डिस्क बदललीच नाही मी. दोन्ही वेळा जुनीच लागली.”

मग वकील खो खो हसायला लागला, डॉक्टर कपाळावर हात मारून घेऊ लागला, आणि मीटर, बिचारा, आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरल्यासारखा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिला. चौघांच्या गमतीची गोष्ट झाली ती, पुढे वर्षभर पुरेल अशी. एकाने सांगितलं आणि बाकीच्यांच्या कानांनी ऐकलं. त्यांना जी खंजिरी गेल्यासारखी वाटली ती त्यांच्यापासून कधी गेलीच नव्हती. ती फक्त याच्यापासून... जुनी डिस्क. पाठ असलेली. दोन्ही वेळा.

तो खुर्चीतच बसून होता. उठायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

“वहिनी, आता नवी लावा,” तो म्हणाला.

त्याचा आवाज ऐकून वकील हसायचा थांबला. वहिनींनी डिस्क बदलली, या वेळी सगळ्यांना दाखवून. खुर्चीच्या पायाशी एक खटका होता. त्याने तो पायाने दाबला आणि टाच जमिनीवर रेटली. खुर्ची कुरकुरत, पेशंटला खिडकीकडे वळवतात तशी वळली, आणि आणखी वळली, आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला, मागच्या दोन स्पीकरच्या समोर, मित्रांकडे पाठ करून. आता मागचा उजवा त्याच्या डाव्या हाताला होता. त्याने डोळे मिटले नाहीत. भिंतीवर एक खिळा होता, नुसता, त्याच्याकडे बघत राहिला.

गिटार थांबली, आणि खंजिरी वाजली.

काय वाजली. प्रत्येक चकती वेगळी, पितळेची, कुणाच्यातरी मनगटाच्या शेवटच्या झटक्यासकट. जुन्या डिस्कवर कधी ऐकला नव्हता तो झटका, म्हाताऱ्याने टेपमधून पुसून पुसून वर काढलेला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशासाठी आलं हे त्याला सांगता आलं नसतं — ती इतकी सुंदर होती म्हणून, की ती फक्त एकाच बाजूने होती म्हणून.

“काय म्हणतंय?” पाठीमागून डॉक्टरने विचारलं.

“आहे,” तो म्हणाला.

“काय आहे?”

“खंजिरी. आहे तिथे आहे. दोष नाही डिस्कमध्ये.”

“मग फोरमवर आता काय तोंड दाखवायचं? आणि तू असा उलटा बसून...” वकील बोलता बोलता थांबला. सोक्षमोक्ष लागला होता आणि त्याला तो नको झाला होता.

डॉक्टर चहाचं बघायला उठला, त्याला उठायचं काहीच कारण नव्हतं. मीटर वायर गुंडाळत खुर्चीपाशी आला, आणि गुंडाळत, त्याच्याकडे न बघता, म्हणाला, “घरी खुर्ची फिरवून बघितली नव्हतीस?”

“नाही.”

“मीही बघितली नसती,” मीटर म्हणाला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको पिशवी घेऊन निघतच होती. भाजी आणायची होती. मीही येतो, तो म्हणाला. तिला नवल वाटलं असेल, पण दाखवलं नाही. रस्त्यावर गर्दी होती, बेताची. ती बोलत चालली होती, तिच्या बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या नळाबद्दल, तो कसा गळतो आणि दुरुस्तीवाला कसा रोज उद्या येतो म्हणतो. तो ऐकत होता आणि ऐकत नव्हता. म्हाताऱ्याला लिहायला हवं. काय लिहायचं? आणि कान दाखवायला हवा कुणाला तरी, आणि ते जे सांगतील ते ऐकायला हवं... समोरून हातगाडी आली, तो बाजूला झाला, आणि गाडी गेल्यावर बायकोच्या पलीकडच्या अंगाला निघाला. आता ती त्याच्या उजव्या हाताला होती. तिचा आवाज लांब गेला.

ती चालता चालता त्याच्या पाठीमागून फिरली आणि डाव्या हाताला आली. वाक्य तोडलं नाही. नळाचंच वाक्य, दुरुस्तीवाला म्हणतो वायसर गेलाय, इथे सुरू होऊन तिथे संपलं.

तो चार पावलं तसाच चालला. मग थांबला, चपलेत खडा गेल्याचं निमित्त केलं, आणि उठताना मुद्दाम पुन्हा पलीकडच्या बाजूला गेला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, मागून वळसा घालून डावीकडे आली, आणि मधलं जे त्याच्याकडून निसटलं असेल तेवढं, आपोआप, पुन्हा सांगितलं.

टेबलाचं ऊन. पंख्याचा वारा. भांडण थांबलं ते... कधीपासून? त्याने मागे मागे जाऊन पाहायचा प्रयत्न केला, पण जिथे जाऊन पाहावं तिथे ती आधीच डाव्या हाताला होती. आणि मी समजत होतो की तिने माझा नाद सोडला.

विचारावं असं ओठांवर आलं. तुला माहीत होतं? पण विचारलं की तिलाही खरं बोलावं लागेल, आणि तिने एवढे दिवस जपून ठेवलेलं ते भर रस्त्यात सांडेल; आणि भीती तर होतीच, सकाळची होती तेवढीच, डाव्या कानाचं पुढे काय ही नवी त्यात मिळालेली. फक्त ती आता एकट्याची नव्हती, आणि बहुतेक कधीच नव्हती.

“ऐकताय ना?” ती म्हणाली.

“पहिल्यापासून सांग,” तो म्हणाला. “नळाचं.”

तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी तिसऱ्यांदा बाजू बदलली नाही.